चौदा खांब, तीनशे चौरस फूट

स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा शहराच्या समुद्राकडच्या तटावर ‘ला सेउ’ हे कॅथीड्रल उभं आहे. बाहेरून मोजलं तर लांबी 121 मीटर, रुंदी 55 मीटर. मधल्या दालनाचं छत 44 मीटर उंचीवर, म्हणजे जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलच्या छताहूनही थोडं वर. आकडे मोठे आहेतच, पण खरी मती गुंग करतो तो यांतला एकही नव्हे. तो आकडा आहे खांबांच्या जाडीचा.

आत तीन दालनं आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन रांगांत मिळून 14 अष्टकोनी खांब. एकेका खांबाची जाडी 1.6 ते 1.7 मीटर. तीन माणसांनी हातात हात धरले की वेढा पुरा होतो. हा खांब वर जातो तो बाजूच्या दालनाच्या कमानी सुरू होईपर्यंत जवळपास 23 मीटर. जाडीच्या चौदापट उंची! इतर बऱ्याच गॉथिक कॅथीड्रलांत हे प्रमाण सात ते नऊपट असतं. चौदाही खांबांनी अडवलेली जमीन एकत्र केली तर ती साधारण 300 चौरस फूट भरते. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका कुटुंबाला मिळणारं घर जेवढं, तेवढीच. आणि तेवढ्या पायावर, 18 मीटर रुंदीचं दालन ओलांडणारं दगडी छत शतकानुशतकं पेललेलं आहे.

हे जमलं कसं? बाहेरच्या बाजूला दगडी आधारभिंती आहेत. त्यांच्यावरून कमानी झेप घेऊन छताला बाहेरून रेटून धरतात. दुसरी युक्ती मात्र छतावर चढल्याशिवाय दिसत नाही. बाजूच्या दालनांची छतं सुमारे 30 मीटर उंच आहेत आणि ती मधल्या खांबांना आतल्या अंगाला ढकलतात. तो रेटा वाढला तर मधल्या कमानीचा माथा वर उचलला जाईल. म्हणून कारागिरांनी कमानींच्या माथ्यावर मुद्दाम आणखी दगड चढवले, पिरॅमिडसारखे रचून. छत पडू नये म्हणून त्यावर ओझं वाढवायचं! ऐकताना उलटं वाटतं, पण हिशोब चोख आहे.

हा हिशोब त्यांनी कोणत्या गणिताने केला? इमारतीतल्या बलांचं आजचं गणित तेव्हा नव्हतंच. 1229 च्या अखेरीस राजा जाउमे पहिला याने हे शहर जिंकलं आणि इथल्या मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभारायचं ठरलं. मोठं बांधकाम चौदाव्या शतकात सुरू झालं आणि मुख्य दरवाजा पुरा झाला 1601 मध्ये. टांगलेली साखळी उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो, हे रॉबर्ट हूकने मांडलं 1675 मध्ये. म्हणजे तो दरवाजा पुरा होऊन 74 वर्षं झाल्यावर. योगायोग असा की टांगत्या साखळ्यांची प्रतिकृती करून इमारत आखणारा अंतोनी गाउदी 1904 मध्ये इथेच दुरुस्तीच्या कामाला लागला. दालनाच्या मधोमध असलेली गायकवृंदाची जागा त्याने हलवली आणि सगळी लांबी एका नजरेत मावू लागली. त्याचा सहकारी जोआन रुबिओ याने 1912 मध्ये या इमारतीतल्या बलांचा हिशोब कागदावर मांडला. तोवर खांबांनी कित्येक शतकं काम करून दाखवलं होतं.

बांधकामाची तीनशे वर्षं म्हणजे साधारण बारा पिढ्या. पाया खणणाऱ्याच्या पणतवंडालाही दरवाजा दिसला नाही. आजची सूत्रं नव्हती, पण प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीची कमान कशी वागते हे डोळ्यांनी पाहिलं आणि पुढची घातली. काही खांब आज थोडे वाकलेले दिसतात, तरी छत जागेवर आहे. माझ्या लेखी माणसाच्या बुद्धीचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

पूर्वेच्या भिंतीतली गोल खिडकीही याच धाडसाची. व्यास 11 मीटरांहून जास्त, रंगीत काचेचे 1,236 तुकडे. 11 नोव्हेंबर आणि 2 फेब्रुवारी या दोन दिवशी सकाळी तिचं रंगीत प्रतिबिंब समोरच्या पश्चिम भिंतीवरच्या गोल खिडकीच्या बरोबर खाली पडतं आणि दोन वर्तुळांचा मिळून आठाचा आकडा होतो. एक तारीख सर्वांत लहान दिवसाच्या सुमारे 40 दिवस आधीची, दुसरी जवळपास तेवढेच दिवस नंतरची, त्यामुळे दोन्ही वेळा सूर्य आकाशात जवळजवळ त्याच वाटेने येतो.

त्या दिवशी तिथे तोबा गर्दी होते. गर्दी टाळून वर्षात कधीही गेलात तरी बिघडत नाही. आधी एका खांबापाशी उभे राहा, त्याची जाडी हातांनी मोजा, आणि मगच मान वर करा.