एकशे एक वर्षांचं कर्ज आणि तुमच्या घराचा हप्ता

१८७० साली इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. खंडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी, एवढ्यासाठी. व्याजदर साडेचार टक्के, कायम ठरलेला. मुदत किती? १०१ वर्षं!

या आकड्यांत एक थक्क करणारी गोष्ट दडली आहे. हिशेबापुरतं असं धरू, की दरवर्षीचं व्याज घेऊन खर्चून टाकलं. मग १०१ वर्षांत मुद्दल आणि व्याज मिळून साधारण साडेपाच कोटी होतात. तेच व्याज दरवर्षी त्याच दरानं पुन्हा गुंतवलं, तर ८५ कोटी! रक्कम तीच, दर तोच. फरक फक्त चक्रवाढीचा.

हीच चक्रवाढ तुमच्या गृहकर्जातही काम करते. समजा, इंदुरात फ्लॅटसाठी ३० लाख घेतले. साडेआठ टक्के स्थिर दर, २० वर्षं. हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसत्या व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम ४,७८५. आता अगदी सुरुवातीला एक लाख जादा भरा आणि हप्ता तोच ठेवा. शेवटचे १९ हून अधिक हप्ते, म्हणजे जवळपास पाच लाख रुपये, भरावेच लागत नाहीत! तोच लाख पंधरा वर्षांनी भरला, तर वाचतात दीड लाख.

म्हणजे उशिरा भरलेला लाख कमी कमावतो का? मुळीच नाही. दोन्ही वेळा त्यानं वर्षाला बरोबर साडेआठ टक्केच कमावले; पहिल्याला वीस वर्षं मिळाली, दुसऱ्याला पाच. जादा भरलेला प्रत्येक रुपया म्हणजे कर्जाच्याच दरानं ठेवलेली, जोखीम नसलेली ठेव. शिवाय वाचलेल्या व्याजावर कर नाही.

मग निर्णय सोपा होतो: कर वजा जाता बचतीवर कर्जाच्या दरापेक्षा जास्त मिळतं का? सात टक्क्यांच्या मुदत ठेवीतून ३० टक्के कर भरणाऱ्याच्या हाती ४.९ टक्केच उरतात. तिथे कर्ज फेडणं सरस. पण तुमचा स्थिर दर साडेसहा असेल आणि पीपीएफवर करमुक्त ७.१ मिळत असतील, तर बचत सरस. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर वजावट घेत असाल, तर कर्जाचा खरा दर आणखी खाली येतो, हेही मोजा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा, कारण कर्जात भरलेला पैसा सहसा परत काढता येत नाही. क्रेडिट कार्डासारखं महाग कर्ज आधी मिटवा. स्थिर दराच्या करारात मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का, ते वाचा. आणि भरताना बँकेला लेखी कळवा: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.