खाऊच्या पैशांचा कोट

साने गुरुजींची 'श्यामची आई' म्हटलं की बहुतेकांना दगडावर पसरलेल्या आईच्या ओच्यावर ओले पाय ठेवणारा श्याम आठवतो. मला आधी आठवतो तो कोट. मुलांना देण्याची गोडी कशी लागते, हे त्या एका गोष्टीइतकं स्वच्छ मी दुसरीकडे वाचलेलं नाही. गेली कित्येक वर्षं मुलांच्या हाती पुस्तक ठेवताना मी तेच पान उघडून देतो.

श्याम दापोलीला शिकत होता. गावी, पालगडला, धाकट्या भावाचा कोट फाटलेला, आणि घरात नव्यासाठी पैसा नाही. वडील खाऊसाठी आणा-दोन आणे हातावर ठेवत, ते श्यामने खर्चलेच नाहीत. जमलेल्या पैशांचं कापड घेतलं, शिंप्याकडून कोट शिवून घेतला आणि गणेश चतुर्थीला भर पावसात पायी घर गाठलं. वाटेत पिसईचा पऱ्ह्या दुथडी भरून वाहत होता, तोही पार केला. घरी आल्यावर आई आधी शाबासकी देत नाही. पैसे कुठून आले, ते विचारते. कर्ज काढलं का, फीचे वापरले का, दुसऱ्याचे तर घेतले नाहीत ना? खुलासा झाल्यावर ती त्याला जवळ घेते. या प्रकरणाचं नावच आहे 'तू वयाने मोठा नाहीस... मनाने'.

ही चौकशी मला फार मोलाची वाटते. दातृत्व आणि सचोटी यांची गाठ त्या माउलीने एका प्रश्नात मारली. आपण मात्र मुलाच्या हाती आयतं पाकीट देऊन 'काकाला दे' म्हणतो आणि त्याला संस्कार समजतो. त्यात मुलाचं काय गेलं? श्यामने खाऊ सोडला होता.

एका श्रावणात मुद्दाम दापोलीहून पालगडला गेलो. गुरुजींचं घर तिथे स्मारक म्हणून जपलं आहे. एसटीच्या खिडकीतून लाल पाण्याचे पऱ्हे फेसाळत जाताना दिसत होते. पुस्तकात दोन ओळींत संपणारी ती वाट शाळकरी पोराने काखेत कोट सांभाळत कशी तुडवली असेल, ते तेव्हा उमगलं. कोकणात श्रावणात कपडा कोरडा राखणं हेच एक काम असतं.

आता थोडी पार्श्वभूमी. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक, वसतिगृहाचे प्रमुख. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली प्रसिद्ध झालं. १९५३ चा अत्र्यांचा चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहेच.

अमळनेरच्या वसतिगृहाबद्दल मात्र घाईने लिहिवत नाही. तिथे गुरुजी मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. रोज! मुलं उठायच्या आत मजकूर तयार. त्याच मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत. मुलांनी आधी गुरुजींना तसं वागताना पाहिलं, त्यांचं लिहिलेलं वाचलं. श्यामच्या गोष्टींना जे वजन आहे ते इथून आलं, असं माझं ठाम मत आहे.

दिवाळी अंक आहे म्हणून त्याच पुस्तकातली 'आनंदाची दिवाळी'ही सांगतो. श्यामच्या वडिलांचं धोतर फाटलेलं. आईला भावाकडून भाऊबिजेचे पैसे येतात, आणि ती स्वतःला लुगडं न घेता नवऱ्यासाठी धोतरं आणवते. श्याम कोटासाठी खाऊचे पैसे साठवायला कुठे शिकला, ते वेगळं सांगायला नको. आईने त्यावर प्रवचन दिलं नव्हतं, मुलांच्या देखत धोतरं आणली होती.

जुन्या पुस्तकांच्या ढिगात मी नेहमी पहिलं कोरं पान पाहतो. एकदा 'श्यामची आई'ची विटलेली प्रत मिळाली. आत शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी, खाली निळ्या शाईत एका मुलीचं नाव, त्याखाली पेन्सिलीने 'बाळूस, माझे वाचून झाले', आणि आणखी खाली तिसऱ्याच अक्षरात तिसरं नाव. मिळालेलं बक्षीस पुढे देणारी ती मुलगी मला भेटायला हवी होती.

तेव्हापासून आमच्या घरी भाऊबिजेला एक रीत आहे. मुलांनी एकमेकांना पुस्तक द्यायचं, आपल्या डब्यातल्या पैशांनी किंवा आपल्या कपाटातलं. कपाटातलं द्यायचं तर आवडतं द्यायचं, नावडतं खपवायचं नाही. यावर दरवर्षी रडारड होते. होऊ द्यावी. आवडतं सोडताना रडू येणारच, मोठ्यांनी मध्ये पडून तेच पुस्तक नवं आणून देऊ नये.

फराळानंतर कोटाची गोष्ट मोठ्याने वाचतो आणि आईच्या प्रश्नापाशी थांबतो. मुलं भांडायला लागतात. गेल्या वर्षी भाची चिडून म्हणाली, "एवढं चांगलं केलं तरी आई संशय का घेते?" तिच्या धाकट्या भावाचा मुद्दा निराळाच होता. श्यामने एक आणा तरी स्वतःसाठी ठेवायला हवा होता, असं त्याचं म्हणणं. दोघांचं अजून मिटलेलं नाही.