आधी विरजण, मग जनुक

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून, तमिळनाडूतून आलेली कुटुंबं शेजारी-शेजारी राहतात. दुधाच्या पिशव्या साऱ्यांच्याच घरी येतात. पण पेलाभर दूध एकाला सहज पचतं आणि दुसऱ्याचं पोट तासा-दोन तासांत फुगतं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे विकर तान्ह्या बाळाच्या आतड्यात भरपूर तयार होतं. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेकांत ते घटत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. काहींच्या क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर मात्र लॅक्टेजच्या जनुकाआधी डीएनएच्या सुमारे १४ हजार अक्षरांवर ‘सी’च्या जागी ‘टी’ असतो. तेवढ्याने हे विकर आयुष्यभर बनत राहतं.

सिंधूच्या खोऱ्यात सुमारे ७,००० वर्षांपूर्वी गुरं स्वतंत्रपणे माणसाळली. मग दूध पचवणारा बदलही इथलाच असेल का? उपखंडातले २,२८४ नमुने तपासून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडला तो युरोपात आढळणाराच बदल. वायव्येकडे तो जास्त, आग्नेयेकडे कमी. काही पशुपालक समाजांत मात्र शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे अधिक. आफ्रिकेतल्या गुराख्यांमध्ये वेगळ्याच बदलांनी तेच काम साधलं.

मला इथे खरं मोल वाटतं ते विरजणाचं. बहुसंख्य भारतीयांकडे हा ‘टी’ नाही, तरी दूधदुभतं आपल्या ताटात आहे. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच आम्लात बदलतात आणि उरलेला पोटात फोडायला मदत करतात. तुपात तर लॅक्टोज जवळपास नसतंच. युरोपातही माणसं हजारो वर्षं दूध वापरत होती, हा जनुकीय बदल पसरला तो फार नंतर. दुष्काळात आणि रोगराईत दुधाने लागलेले जुलाब जिवावर बेतत असावेत आणि त्यामुळे तो पसरला असावा, असा २०२२च्या एका संशोधनाचा कौल आहे.

आहाराचा ठसा जनुकांवर उमटल्याचा, दुधापलीकडचा पुरावा तर पुण्यातच आहे. २०१६च्या अभ्यासात तिथल्या मुख्यतः शाकाहारी २३४ जणांची तपासणी झाली. ‘फॅड्स-२’ जनुकातली २२ अक्षरांची भर त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांत आई आणि वडील, दोघांकडून आलेली होती. अमेरिकेतल्या गटात हे प्रमाण १८ टक्के. वनस्पतीतल्या मेदाम्लांपासून शरीराला लागणारी लांब साखळीची मेदाम्लं बनवायला ती मदत करते. पण हीच मंडळी आता सूर्यफूल-सोयाबीनचं तेल भरपूर खातात, तेव्हा त्यातून दाह वाढवणारे पदार्थही जास्त बनू शकतात, अशी संशोधकांना काळजी आहे.