वरातीतला वाद्यमेळ: खान्देशी बँड आणि त्याचे ध्वनिमुद्रण

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत 'बँड' या नावाने ओळखला जाणारा वाद्यमेळ लग्नाची वरात, कानबाई या देवीची मिरवणूक किंवा गावची यात्रा यांच्या सोबतीने वाजतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे समारंभाचे एक अंग म्हणून पाहण्याची सवय सर्वांना जडली आहे. एक स्वतंत्र सांगीतिक संस्था म्हणून त्याची घडण कशी आहे आणि त्याचे प्रत्यक्ष वादन मुद्रित करून ठेवायचे तर ते कोणत्या रीतीने, याचा विचार क्वचितच होतो. हा विचार करू लागले, की हा बँड अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहरलेल्या जॅझच्या 'बिग बँड'चा दूरचा भाऊबंद आहे, हे ध्यानात येते.

'बिग बँड' म्हणजे साधारण सतरा वादकांचा संच: ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे तीन गट, आणि त्यांना लय पुरवणारे पियानो, गिटार, कॉन्ट्राबास व ड्रम. एक गट सुरावट मांडतो, दुसरा तिला उत्तर देतो, आणि मधल्या मोकळ्या जागेत एखादा वादक उभा राहून उत्स्फूर्त वादन करतो. खान्देशी बँडचे मूळ मात्र जॅझमध्ये नसून ब्रिटिश पलटणींच्या वाद्यवृंदात आहे. पलटणीच्या बँडमध्ये नायक राहिलेल्या नादिर अली यांच्या नावाने १८८५ मध्ये मीरतला सुरू झालेली पेढी पुढे पितळी वाद्ये घडवू लागली, आणि मीरत हे देशभरातील बँडवाल्यांचे वाद्यांचे माहेरघर बनले. जॅझ या प्रवाहात मिसळला तो चित्रपटाच्या वाटेने. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत नृत्यसंगीत वाजवीत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदातही बसत. त्यांतील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, यांनी पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत काम केले, आणि १९५१ च्या 'अलबेला'मधील गाण्यांत तो पितळी झोत सर्वांच्या कानी पडला. वरातीत चित्रपटातली गाणी वाजवणाऱ्या गावोगावच्या बँडला ट्रंपेटचे ते तुकडे गाण्यासोबतच मिळाले. खान्देशातील वादकाने जॅझ हा शब्द ऐकलेला असो वा नसो, मुखडा एकाने उचलायचा आणि सर्वांनी मिळून त्याला झेलायचे, ही रीत त्याच्या हाताओठांत अशी मुरलेली असते.

पायी चालणाऱ्या जुन्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रंपेट गाण्याची चाल वाजवीत, युफोनियम हे भरदार आवाजाचे पितळी वाद्य खालचा स्वर धरून ठेवी, आणि साइड ड्रम व ढोल ठेका सांभाळीत. बँडमधील सर्वसाधारण ट्रंपेटला तीन कळा असतात. त्यांतील एकही न दाबता निघणारा मूळ स्वर हार्मोनियमच्या भाषेत काळी पाचचा असतो, आणि नेहमीचे क्लॅरिनेटही त्याच पट्टीचे असल्याने ही दोन वाद्ये सहज जुळतात. पण खान्देशात लग्नांची दाटी होते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा जळगावचा पारा बेचाळीस अंशांच्या वर जाणे नित्याचे असते. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो, परिणामी फुंकवाद्याचा स्वर चढतो. उलट नंतर बँडमध्ये आलेल्या बेंजो या तंतुवाद्याच्या तारा उन्हाने सैल होऊन उतरतात, आणि कॅसिओ या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा स्वर जिथल्या तिथे राहतो. म्हणून ट्रंपेटवादक नळीचा सरकता भाग थोडा बाहेर ओढून नळी लांबवतो आणि चढलेला स्वर खाली आणतो. भर दुपारच्या वरातीत हे तीन दिशांना जाणारे स्वर एका पट्टीत आणणे ही मोठी कारागिरी आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिची जाणीव असते.

आता बँड बहुधा सजवलेल्या गाडीवर असतो. कॅसिओ, बेंजो, ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य आणि गायक यांचा आवाज मिक्सरमधून, म्हणजे अनेक आवाज एकत्र करून त्यांचे प्रमाण ठरवणाऱ्या यंत्रातून, मोठ्या स्पीकरांकडे जातो. ऑक्टोपॅडवर संबळाचे बोल येतात, आणि आदिवासींच्या पावरी या फुंकवाद्याचा नाद कॅसिओवर काढला जातो. यात जुन्या पितळी वाद्यांचे स्थान आकसले, ही हानीच म्हणावी लागेल. तरीही खान्देशच्या अहिराणी बोलीतील गाण्यांना हजारोंच्या जमावापुढे खणखणीत आवाजात उभे करण्याचे काम याच गाडीने केले, हेही तितकेच खरे आहे.

अशा वादनाच्या ध्वनिमुद्रणात कळीचा प्रश्न असतो तो मायक्रोफोनच्या जागेचा. त्याचे प्रसिद्ध उदाहरण बिग बँडच्याच इतिहासात सापडते. ७ जुलै १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूपोर्ट महोत्सवात ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडमधील सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांनी एकाच रचनेत सलग सत्तावीस आवर्तने वाजवून श्रोत्यांना अक्षरशः उभे केले. पण ते वाजवीत होते ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या नव्हे, तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर. त्यामुळे कंपनीच्या मुद्रणात त्यांचा आवाज दूरवरून आल्यासारखा उमटला, आणि दोन्ही मुद्रणे जुळवून ती मैफल नीट ऐकू येण्यास १९९९ साल उजाडले.

खान्देशी बँडच्या मुद्रणातही दोष उद्भवतो तो याच ठिकाणी. केवळ मिक्सरमधून आवाज घेतला, तर गायक आणि कॅसिओ स्वच्छ येतात, परंतु मायक्रोफोनविना वाजणारे ढोल आणि ट्रंपेट हरवतात, आणि नाचणारा जमाव तर जणू नसतोच. गर्दीतल्या मोबाइलवर मुद्रण केले, तर जमाव येतो, पण त्या छोट्या यंत्राच्या सोसण्यापलीकडचा आवाज फाटतो. उत्तम मार्ग असा, की मिक्सरचा आवाज वेगळा घ्यावा, गाडीच्या पुढे दहाएक मीटरवर उंच काठीला लावलेले दोन मायक्रोफोन बँडसोबत चालते ठेवावेत, आणि नंतर दोन्हींचा मेळ घालावा. उन्हाळ्यात ध्वनीला दहा मीटर पार करण्यास सुमारे अठ्ठावीस सहस्रांश सेकंद लागतात. मिक्सरचा आवाज तेवढाच मागे सरकवला नाही, तर ऑक्टोपॅडची एकच थाप दोनदा पडल्यासारखी भासते.

या खटाटोपाचे मोल कळण्यासाठी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या तोंडून निघालेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. बँडचे वादन मात्र कागदावर टिपून भागत नाही, कारण मास्तराने, म्हणजे बँडच्या प्रमुखाने, हात उंचावताच ठेका कसा बदलला, ट्रंपेटने गाण्याच्या ओळीभोवती कोणती नक्षी काढली, आणि त्या गावच्या बायकांनी कोणते गाणे पुन्हा वाजवायला लावले, हे फक्त नादातच उरते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवलेली कानबाई सोमवारी विसर्जनाला निघते, तेव्हा बँडच्या पुढे फुगड्यांचा फेर धरला जातो. त्या दिवशीचे मुद्रण पहिल्या गाण्यापासून नव्हे, तर वादक स्वर जुळवू लागतात तेव्हापासून सुरू करावे, आणि त्यासोबत गाव, तिथी, मास्तर आणि प्रत्येक वादकाचे नाव त्याच्या वाद्यासह नोंदवावे.