मातानी पछेडी : कापडावरचे देवालय

देवालयाच्या उंबरठ्याशीच ज्यांना मज्जाव होता, त्या माणसांनी देवीशी असलेले आपले नाते कसे राखले, याचा पुरावा दफ्तरांत धुंडाळण्यापेक्षा गुजरातेतील ‘मातानी पछेडी’ या चित्रवस्त्रात पाहावा. अहमदाबादेच्या वाघरी, आता देवीपूजक म्हणविणाऱ्या, समाजातील चितारा घराण्यांनी हा हुन्नर पिढ्यानपिढ्या सांभाळला. नवरात्रात किंवा नवस फेडताना पाठीमागे पछेडी आणि माथ्यावर चांदवा बांधला, की उघड्या माळावरही गर्भगृह सिद्ध होते. म्हणूनच चित्राची मांडणीही देवळाचीच असते, मध्यभागी मंडपात देवी आणि सभोवार चौकटींतून भक्त, वादक, पशुपक्षी.

देवी ओळखावयाची ती वाहनावरून. बहुचरा कोंबड्यावर, मेलडी बोकडावर, खोडियार मगरीवर. आणि पिसाळलेल्या श्वानाच्या दंशापासून रक्षण करणारी म्हणून जिची आराधना होते, ती हडकाई चक्क कुत्र्यावर! पंडितांच्या मूर्तिशास्त्रास ही मंडळी कदाचित रुचणार नाहीत. मला मात्र गावकुसाबाहेरचे भय आणि श्रद्धा यांचे इतके निःसंकोच चित्रण अन्यत्र क्वचितच आढळले.

रंगांचा कारभार त्याहून विलक्षण आहे. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेल्या कापडावर, गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून केलेल्या द्रावाने बांबूच्या काडीची रेघ ओढली, म्हणजे हिरड्याशी संयोग होऊन ती काळी पडते. तांबडा रंग मात्र काडीने भरला जात नाहीच. जेथे तो हवा तेथे चिंचोक्याच्या खळीत कालविलेली तुरटी लावावयाची, साबरमतीच्या वाहत्या पाण्यात जास्तीची तुरटी धुऊन काढावयाची (साचलेल्या पाण्यात ती इतरत्र पसरून डाग पडतात), आणि मग अलिझरीन व धायटीची फुले घातलेल्या कढईत कापड उकळावयाचे, तेव्हा कोठे तुरटीने धरलेला रक्तवर्ण प्रकट होतो. उरलेली जागा पांढरी राहते. जुन्या पछेडीचा संसार या तीनच वर्णांत आटोपतो. अलीकडच्या बहुरंगी पछेड्या दिवाणखान्यास शोभतात, पण त्यांत तो दरारा नाही.

2023 साली भानुभाई चितारा यांना पद्मश्री मिळाली. अहमदाबादेस जाणाऱ्या रसिकाने शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय अवश्य पाहावे. मात्र तेथे प्रवेशासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते.