हिमसागरातील पुराव्याचे ओझे

कोणत्याही समुद्रातील मासेमारीला आवर घालायचा म्हटला की पहिला वाद पुराव्याचा होतो. साठा घटत असल्याचे आधी संरक्षणाची बाजू मांडणाऱ्यांनी सिद्ध करायचे, की पकड निर्धोक असल्याचे ती करणाऱ्यांनी, हा तो वाद. जगातील बहुतेक सागरी क्षेत्रांत हे ओझे पहिल्या पक्षाच्या माथी मारले गेले, आणि सिद्धता हाती येईपर्यंत साठाच उरला नाही अशी उदाहरणे कमी नाहीत. अंटार्क्टिकाभोवतालच्या दक्षिण महासागरात मात्र १९८० साली हे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्यावर देण्याचा करार झाला, आणि तो रोजच्या व्यवहारात उतरवण्याचे काम एका वैज्ञानिक समितीकडे आले. त्या समितीचा इतिहास पाहता, करारात लिहिलेले तत्त्व टिकवणे हे ते लिहिण्याहून फार अवघड ठरले आहे.

कराराची निकड अनुभवातून आली होती. एकोणिसाव्या शतकात सील आणि विसाव्या शतकात देवमासे यांची कत्तल झाल्यावर १९६०च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत जहाजे माशांकडे वळली. दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती १९६९-७०च्या एकाच हंगामात मार्बल्ड रॉककॉड या माशाची सुमारे ४ लाख टन पकड झाली. पुढच्या काही हंगामांत तो साठा असा ढासळला की पुढे अनेक दशके त्याला पूर्वीची स्थिती गाठता आली नाही. त्यानंतर लक्ष क्रिलकडे गेले. क्रिल हा जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर लांबीचा, थव्याने राहणारा कवचधारी जीव. कोकण-गोव्यातील वाचकाला त्यावरून जवळा आठवेल, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे गण वेगळे आहेत. पेंग्विन, सील, देवमासे, मासे आणि माखले या साऱ्यांचे अन्न प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे याच एका जीवावर येऊन ठेपते. त्यामुळे येथे केवळ एका जातीचा साठा मोजून भागणार नव्हते. ब्रिटिश शास्त्रज्ञ इनिगो एव्हरसन यांनी १९७७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी दक्षिण महासागरातील सजीव संपदेचा आढावा लिहिला, आणि त्याच सुमारास अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीच्या पुढाकाराने, म्हणजेच १९५८ साली स्थापन झालेल्या ‘स्कार’च्या पुढाकाराने, अनेक देशांच्या जहाजांनी मिळून क्रिलची मोजणी करण्याची आखणी सुरू झाली. म्हणजे कराराच्या वाटाघाटींना सल्ला देणारे विज्ञान करार होण्यापूर्वीच उभे राहत होते.

अंटार्क्टिक सागरी सजीव संपदा संरक्षण करारावर मे १९८० मध्ये कॅनबेरा येथे स्वाक्षऱ्या झाल्या, तो एप्रिल १९८२ मध्ये अमलात आला, आणि टास्मानियातील होबार्ट येथे त्याच्या आयोगाचे, म्हणजे बोलीत ‘कॅमलार’चे, मुख्यालय स्थापन झाले. कराराच्या दुसऱ्या कलमात त्याचा गाभा आहे. ज्या जातीची पकड होते तिची संख्या स्थिर प्रजननाला धोका पोहोचेल इतकी घटू नये. पकडल्या जाणाऱ्या जातीवर अवलंबून असलेल्या आणि तिच्याशी निगडित अशा इतर जातींचे परस्परसंबंध टिकावेत. आणि दोन-तीन दशकांत भरून न निघणारे बदल टाळले जावेत, असे ते कलम सांगते. ‘संरक्षण’ या शब्दात ‘विवेकी वापर’ही येतो, असेही त्यात नमूद आहे, आणि पुढचे बहुतेक वाद याच दोन शब्दांतून निघाले. चौदाव्या कलमाने वैज्ञानिक समिती स्थापन केली. समितीच्या शिफारशींचा आयोगाने पूर्ण विचार करावा असे करारात आहे, त्या बंधनकारक असाव्यात असे मात्र नाही. शिवाय समितीतील प्रतिनिधी सरकारे नेमतात. त्यांना वैज्ञानिक पात्रता लागते, स्वातंत्र्य लागतेच असे नाही.

समितीच्या हाताखाली कार्यगट आहेत. एक माशांच्या साठ्यांचे मूल्यमापन करतो, दुसरा परिसंस्थेवर लक्ष ठेवतो, तिसरा सांख्यिकी व संगणकीय प्रतिमाने तपासतो, चौथा ध्वनिलहरींनी होणाऱ्या मोजणीची पद्धत ठरवतो. या गटांच्या कामाचा सर्वांत शिकवणारा नमुना म्हणजे क्रिलच्या पकडीचे गणित. अंटार्क्टिक द्वीपकल्प ते दक्षिण जॉर्जिया या पट्ट्यात, म्हणजे आयोगाच्या क्षेत्र ४८ मध्ये, २००० साली अनेक जहाजांनी मिळून सर्वेक्षण केले; जहाजातून खाली सोडलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी क्रिलच्या थव्यांवरून परतला की त्याच्या तीव्रतेवरून वजन काढले जाते. या आकड्यांचे नंतर पुन्हा विश्लेषण होऊन ६ कोटी ३ लाख टन हा अंदाज मान्य झाला. आता यातील किती क्रिल उचलता येईल? बिल द ला मेअर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी येथे निर्णयाचे नियम पुढे आणले. संगणकावर साठ्याचे वीस-वीस वर्षांचे भवितव्य हजारो वेळा, चांगल्या-वाईट वर्षांच्या फासे टाकल्यासारख्या मिश्रणाने, चालवून पाहायचे. पहिला नियम असा की वीस वर्षांत प्रजननक्षम साठा मूळ पातळीच्या २० टक्क्यांखाली जाण्याची शक्यता १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. दुसरा असा की कालावधीच्या शेवटी तो मधल्या अंदाजाने मूळ पातळीच्या ७५ टक्के उरावा. दोहोंपैकी जो नियम कमी पकड देईल तो मानायचा. हे ७५ टक्के निसर्गाने सांगितलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते: एका जातीच्या व्यवस्थापनात सुमारे निम्मा साठा राखणे रूढ होते, पकडच नसेल तर सगळा साठा शिल्लक राहतो, आणि भक्षकांचा वाटा धरून या दोहोंच्या मधली संख्या निवडली गेली. गणिताने साठ्याच्या ०.०९३ इतके प्रमाण दिले, आणि ६ कोटी ३ लाखांच्या हिशेबाने ५६ लाख १० हजार टनांची मर्यादा आली.

पण समितीने या आकड्यावर समाधान मानले नाही, आणि इथेच तिची खरी चुणूक दिसते. पकड संपूर्ण पट्ट्यात पसरली तर ५६ लाख टन निभेलही. पण जहाजे जिथे क्रिल दाट आहे तिथे, म्हणजे पेंग्विनांच्या वसाहतींजवळ, गोळा होतात, आणि पिल्ले भरवणाऱ्या पेंग्विनाला शंभर मैलांवरचा थवा असून नसल्यासारखा असतो. म्हणून मोठी मर्यादा लहान भागांत विभागण्याची पद्धत ठरेपर्यंत ६ लाख २० हजार टनांवर थांबायचे, असा आयोगाने निर्णय घेतला. २००९ साली या पातळीचे चार उपक्षेत्रांत वाटपही झाले. द्वीपकल्पाजवळच्या उपक्षेत्राला १ लाख ५५ हजार टन आले.

समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत हाच मार्ग अधिक झटपट फळाला आला. टूथफिश या दीर्घायुषी माशासाठी मैलोगणती लांब दोरीला हजारो गळ लावले जात, आणि आमिषाच्या मागे आलेले अल्बट्रॉस गळात अडकून बुडत. १९९०च्या दशकात हजारो पक्षी मेले. कार्यगटाने दोरीला वजन बांधणे, रात्रीच दोरी सोडणे, जहाजामागे पक्ष्यांना हुसकावणाऱ्या पताका लावणे आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात दक्षिण जॉर्जियाजवळ मासेमारी बंद ठेवणे असे उपाय सुचवले. प्रत्येक जहाजावरील निरीक्षकांनी ते पाळले जातात की नाही याची नोंद ठेवली, आणि दशकभरात नियमन असलेल्या मासेमारीतील मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. उपाय स्वस्त होते, मासेमाराचे आमिषही वाचत होते. म्हणून कोणाला पुराव्याचा आग्रह धरावासा वाटला नाही.

आयोगाचे महत्त्वाचे निर्णय सर्वसंमतीने होतात, आणि एकाच सदस्याच्या नकाराने सारे अडते. रॉस समुद्रातील १५ लाख ५० हजार चौरस किलोमीटरचे सागरी संरक्षित क्षेत्र २०१६ साली मंजूर झाले, तेही ३५ वर्षांची मुदत घालून. पूर्व अंटार्क्टिका, वेडेल समुद्र आणि द्वीपकल्प यांचे प्रस्ताव मात्र मुख्यतः रशिया आणि चीन यांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे पडून आहेत. युक्तिवाद असा की आधी धोका दाखवा, मग क्षेत्र राखा. म्हणजे १९८०चे ओझे परत जुन्या खांद्यावर टाकले गेले. २०२१ साली रशियाने दक्षिण जॉर्जियाच्या टूथफिशसाठी शास्त्रज्ञांनी सुचवलेली मर्यादाही रोखली. वैज्ञानिक अनिश्चितता हा पूर्वी सावधगिरीचा आधार होता. आता तोच शब्द अडवणुकीचे कारण म्हणून वापरला जाऊ लागला.

भारत १९८६पासून आयोगाचा सदस्य आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली होती, आणि ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आजही वास्को-द-गामा येथे आहे. कॅमलारशी संबंधित सागरी सजीवांचे काम मात्र प्रामुख्याने कोचीच्या संस्थेकडे जाते. सागर संपदा या जहाजाने १९९५-९६ मध्ये क्रिलसाठी मोहीम केली. व्यापारी क्रिल पकडीत भारत नाही, त्यामुळे त्याच्या मताला हितसंबंधांचे सावट कमी आहे. २०२१ साली त्याने पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्राच्या संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना पाठिंबा दिला.

२०१९ सालच्या नव्या सर्वेक्षणाने क्षेत्र ४८ मधील क्रिल सुमारे ६ कोटी २६ लाख टन असल्याचे दाखवले, म्हणजे आकडा वीस वर्षांपूर्वीच्या जवळपासच होता. क्रिलच्या नव्या, लहान भागांत विभागलेल्या मर्यादा आणि द्वीपकल्पाचे संरक्षित क्षेत्र यांचा एकत्रित विचार व्हावा यासाठी वर्षे गेली. २०२४ साली त्यावर एकमत झाले नाही आणि २००९चे वाटपही मुदत संपून रद्द झाले. पुढच्या हंगामात जहाजे पुन्हा द्वीपकल्पाकडे गोळा झाली, त्या उपक्षेत्राची पकड १ लाख ५५ हजार टनांच्या जुन्या मर्यादेच्या पलीकडे गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकूण पकड ६ लाख २० हजार टनांना भिडल्याने हंगाम इतिहासात प्रथमच मुदतीआधी बंद करावा लागला. हा ६ लाख २० हजारांचा आकडा कोणत्याही प्रतिमानातून आलेला नव्हता. प्रत्येक उपक्षेत्रातील भूतकाळातल्या सर्वाधिक पकडींची ती नुसती बेरीज होती, कार्यगटांनी खरी विभागणी ठरवेपर्यंत तात्पुरती धरलेली.