अणू की रेणू? महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी जेईईचं रसायनशास्त्र



आजचा विषय आहे जेईईच्या रसायनशास्त्राची तयारी. सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी जयपूरला स्थायिक झालो. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं, ते अजून डोक्यात पक्कं आहे. त्यामुळे संध्याकाळी पाच-सात मुलं वही घेऊन घरी येतात. काही जवानांची मुलं, काही बँकेत किंवा रेल्वेत बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांतली, तर काही दहावीपर्यंत गावी मराठी माध्यमात शिकून इथे नातेवाइकांकडे राहणारी. दिवसा ती गोपालपुरा बायपासच्या क्लासला जातात. या मुलांची एक अडचण मी रोज बघतो आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. ती अडचण भाषेची आहे. आधी ती सोडवू, मग अभ्यासाकडे वळू.

शब्द तोच, अर्थ वेगळा

जेईई मेनचा पेपर मराठीतही मिळतो, हे खरं आहे. पण मराठी पेपरचा पर्याय महाराष्ट्रातल्या केंद्रांपुरता असतो. जयपूर, इंदूर किंवा दिल्लीचं केंद्र घेतलंत, तर मराठी मुलापुढे व्यवहारात दोनच वाटा राहतात. नुसतं इंग्रजी, नाही तर इंग्रजी आणि हिंदी. जेईई अॅडव्हान्स्ड तर सगळीकडेच फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. शिवाय इथल्या क्लासमध्ये सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि बोलतात हिंदीत. पोराला वाटतं, हिंदी काय, आपल्याला कळतं की! गोची होते ती तिथेच.

मराठीत 'अणू' म्हणजे पदार्थाचा सर्वांत लहान घटक आणि अणू जोडले की 'रेणू' होतो. हिंदीत त्या लहान घटकाला 'परमाणु' म्हणतात आणि आपल्या रेणूला म्हणतात 'अणु'! म्हणजे हिंदी 'अणु' हा मराठी 'रेणू'.

याने किती फरक पडतो ते बघा. प्रश्न आहे: ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये 'अणु' किती? ऑक्सिजनच्या रेणूचं मोलर वस्तुमान ३२ ग्रॅम, म्हणजे हा १ मोल झाला. हिंदी अर्थाने उत्तर येतं ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. मराठी कानाने ऐकलं तर मूल अणू मोजतं. एका रेणूत दोन अणू, म्हणून उत्तर येतं बरोबर दुप्पट. असं दुप्पट उत्तर पर्यायांमध्ये हमखास ठेवलेलं असतं. मुलाचं गणित चुकलेलं नसतं, तरी ४ गुण मिळत नाहीत आणि वर १ गुण कापला जातो.

दुसरा शब्द 'क्षार'. आपल्या शाळेतला धडा 'आम्ल, आम्लारी व क्षार'. म्हणजे मराठीत क्षार हा आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होतो, जसं मीठ. हिंदीत त्याला 'लवण' म्हणतात. हिंदी 'क्षारक' म्हणजे आपली आम्लारी आणि पाण्यात विरघळणारा क्षारक म्हणजे हिंदी 'क्षार'. आता सर म्हणाले, "क्षार का पीएच सात से ज्यादा होता है," तर त्यांचं बरोबरच आहे. पण मराठी मुलाने तेच वाक्य आपल्या क्षारांना लावलं की घोटाळा होतो. मिठाच्या द्रावणाचा पीएच २५ अंश सेल्सियसला ७ असतो, अमोनियम क्लोराइडचा ७ पेक्षा कमी आणि सोडियम अॅसिटेटचा ७ पेक्षा जास्त. पेपरात नेमकं हेच विचारतात.

आणखी काही जोड्या सांगतो. हिंदी 'ताप' म्हणजे तापमान, अंगात येतो तो ताप नव्हे. हिंदी 'साम्य' म्हणजे आपला समतोल. 'विलयन' म्हणजे द्रावण, 'यौगिक' म्हणजे संयुग, 'तत्व' म्हणजे मूलद्रव्य, 'अपचयन' म्हणजे क्षपण, 'ऊष्माक्षेपी' म्हणजे उष्मादायी, 'ऊष्माशोषी' म्हणजे उष्माग्राही.

उपाय साधा आहे. एक वही घ्या आणि तिच्यात तीन रकाने आखा: इंग्रजी, मराठी, हिंदी. नवा धडा सुरू झाला की त्यातले दहा-पंधरा शब्द तिन्ही रकान्यांत भरा. समजून घ्या मराठीत, क्लासमध्ये ऐका हिंदीत, पण सोडवताना शब्द इंग्रजीच धरा. कारण पेपरात दोन भाषांमध्ये तफावत निघाली, तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. मराठी शब्द टाकून द्या, असं मी कधीच सांगणार नाही. 'उष्मादायी' म्हणजे उष्णता देणारी, हे मराठी मुलाला न सांगता कळतं. तो फायदा सोडायचा कशाला?

आधी नकाशा बघा

फौजेत नकाशा बघितल्याशिवाय कूच करत नाहीत. इथेही तेच करा.

२०२५ पासून जेईई मेनमध्ये तीन तासांत ७५ प्रश्न असतात. रसायनशास्त्राचे २५, त्यांतले २० पर्यायांचे आणि ५ संख्येत उत्तर लिहायचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. संख्येच्या प्रश्नांनाही आता वजा गुण आहेत.

अभ्यासक्रमही बदललेला आहे. २०२४ च्या परीक्षेपासून मेनमधून बरेच धडे गळाले: द्रव्याच्या अवस्था, पृष्ठभाग रसायन, हायड्रोजन, एस-खंडातली मूलद्रव्यं, धातू मिळवण्याच्या पद्धती, पर्यावरण रसायन, बहुवारिकं आणि दैनंदिन जीवनातलं रसायनशास्त्र. मोठ्या भावाची जुनी पुस्तकं वापरत असाल, तर हे धडे पेन्सिलने खोडा. मात्र अॅडव्हान्स्डचा अभ्यासक्रम वेगळा आहे, तो स्वतंत्रपणे तपासा.

महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी देणार असाल, तर तिचा नकाशा निराळा. तिथे रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, वजा गुण नाहीत. भौतिक आणि रसायन मिळून ९० मिनिटं. भर बारावीवर, साधारण ८० टक्के, आणि अकरावीवर २० टक्के. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

तीन आघाड्या, तीन डावपेच

रसायनशास्त्र हा एक विषय नाही, त्यात तीन विषय आहेत. तिघांचा अभ्यास एकाच पद्धतीने करणारी मुलं दमतात आणि तरी मागे राहतात.

पहिली आघाडी भौतिक रसायनाची. हे हाताचं काम आहे, वाचून येत नाही. एक गणित करू. आमच्या राजस्थानातला मकराण्याचा संगमरवर प्रसिद्ध आहे, ताजमहालाला तोच लागला. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. समजा, ९० टक्के शुद्ध असा १० ग्रॅम संगमरवर भरपूर हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला, तर कार्बन डायऑक्साइड किती निघेल? शुद्ध भाग ९ ग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटचं मोलर वस्तुमान १०० ग्रॅम, म्हणजे ०.०९ मोल. एका मोलमागे एक मोल वायू, म्हणून ०.०९ मोल. त्याला ४४ ने गुणलं की ३.९६ ग्रॅम. आकारमान विचारलं, तर दाब बघा. शून्य अंश सेल्सियसला १ बार दाब असेल तर एका मोलला २२.७ लिटर, १ अॅटमॉस्फिअर असेल तर २२.४ लिटर. प्रश्नात दिलेली किंमत सोडून पाठ केलेली किंमत घालायची नाही. ग्रॅमचे मोल करा, मोलची तुलना करा, मग पुन्हा ग्रॅम किंवा लिटर करा. या तीन पायऱ्या हाताला वळण लागेपर्यंत रोज दहा गणितांवर गिरवा.

दुसरी आघाडी अकार्बनी रसायनाची. इथे एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचायचं, तक्त्यांखालच्या टिपांसकट. पण नुसतं घोकलं तर महिनाभरात उडून जातं, म्हणून प्रत्येक गोष्टीला कारणाची खुंटी लावा. जयपूरची निळी भांडी तुम्ही पाहिली असतील, ब्लू पॉटरी म्हणतात ती. तिच्यातला गडद निळा रंग कोबाल्ट ऑक्साइडचा आणि फिरोजी रंग तांब्याच्या ऑक्साइडचा. मग जस्ताचे क्षार बहुधा पांढरे का? तांब्याच्या दोन धनभाराच्या आयनात डी उपकवचात ९ इलेक्ट्रॉन असतात, एक जागा रिकामी. त्यामुळे इलेक्ट्रॉन डी कक्षकांमध्येच वर उडी मारू शकतो आणि त्यासाठी दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषतो. उरलेला प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसतो. जस्ताच्या आयनात १० इलेक्ट्रॉन, जागा भरलेल्या, म्हणून उडी नाही आणि रंगही नाही.

हे कळलं की पुढचा प्रश्न सुटतो: चुंबकीय आघूर्ण किती? अयुग्मित इलेक्ट्रॉनांची संख्या घ्या, तिला तिच्याहून दोनने मोठ्या संख्येने गुणा आणि वर्गमूळ काढा. तांब्याच्या आयनात एकच अयुग्मित, म्हणून ३ चं वर्गमूळ, १.७३. जस्ताला शून्य.

आता यातला सापळाही ओळखा. पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजच्या डी उपकवचात एकही इलेक्ट्रॉन नाही, तरी रंग गर्द जांभळा. कारण तिथे ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन सरकतो आणि रंग त्यामुळे येतो. नियम आणि त्याचा अपवाद एकाच पानावर लिहा, शेजारी शेजारी.

तिसरी आघाडी कार्बनी रसायनाची. इथे मुलं शंभर अभिक्रियांची नावं पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो: इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी आहेत आणि कोण कुणाकडे जाणार? उदाहरणार्थ, अॅल्डॉल आणि कॅनिझारो या अभिक्रिया घ्या. अॅसिटाल्डिहाइडमध्ये कार्बोनिल गटाच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन आहे. विरल आम्लारी तो काढून घेते, तिथे ऋणभार येतो आणि तो दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनवर चालून जातो. ही अॅल्डॉल. बेंझाल्डिहाइडमध्ये शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, काढणार काय? मग तीव्र आम्लारीत एका रेणूचं ऑक्सिडीभवन आणि दुसऱ्याचं क्षपण होतं, म्हणजे आम्लाचा क्षार आणि अल्कोहोल मिळतं. ही कॅनिझारो. शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन आहे की नाही, एवढं आधी बघा. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

चुकांची वही

रायफल हातात आली की आधी झिरोइंग करतात. पाच गोळ्या झाडायच्या आणि लक्ष्यावर त्या कुठे लागल्या ते बघायचं. पाचही एकाच ठिकाणी, पण केंद्राच्या डावीकडे लागल्या असतील, तर नेमबाज चांगला आहे, साइट हलवायची. इकडे तिकडे विखुरल्या असतील, तर पकड आणि श्वास सुधारायचा.

सराव पेपर असाच तपासा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द चुकीचा समजला, संकल्पना कच्ची, आकडेमोड चुकली, की घाई झाली. पाच पेपरांनंतर चुका एकाच रकान्यात साचल्या, तर आनंद माना, कारण काय दुरुस्त करायचं ते कळलं. विखुरल्या असतील, तर नवे पेपर थांबवा आणि आठ दिवस धडे पक्के करा.

आता अंदाजाने उत्तर लिहिण्याबद्दल. चारांपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तर सरासरी फायदा पाव गुणाचा. तेवढ्यासाठी जोखीम घेण्यात अर्थ नाही. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर सरासरी दीड गुण. तिथे उत्तर लिहा. संख्येच्या प्रश्नात मात्र अंदाज म्हणजे जवळजवळ हमखास उणे १. वेळेचं म्हणाल, तर रसायनशास्त्र आधी सोडवा आणि ४५ मिनिटांत आटपा. वाचलेला वेळ गणिताला द्या.

पालकांसाठी दोन शब्द

बदलीवर असलेल्या मराठी पालकांनी एक नियम अकरावीच्या प्रवेशाआधीच समजून घ्यावा. एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. तिथे 'आपलं राज्य' ठरतं ते बारावी कुठून पास झालात यावर. गाव कुठलं आणि मातृभाषा कोणती, हे तिथे बघत नाहीत. जयपूरहून बारावी केलेल्या मराठी मुलाला इथल्या मालवीय एनआयटीत राज्याचा लाभ मिळतो आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या एनआयटीत तो परराज्याचा ठरतो. आयआयटीत असा राज्याचा कोटा नाही. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशाचे अधिवासाचे नियम वेगळे आहेत आणि त्यात संरक्षण दलातल्या पालकांच्या मुलांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासच्या काउंटरवरच्या माणसावर विसंबू नका.

आणि घरात मुलाशी बोलताना मराठीच बोला. दिवसभर दोन भाषांत झुंजून आलेल्या पोराला 'आज काय कळलं नाही?' हे आपल्या भाषेत विचारणारं कुणी तरी हवं असतं. न कळलेलं सांगायला लाज वाटू लागली की मूल गप्प होतं आणि गप्प झालेलं मूल मागे पडतं. कधी कधी त्याहून वाईटही होतं. कोट्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

विद्यार्थी मित्रहो, या आठवड्याचं काम लिहून घ्या. तीन रकान्यांची वही सुरू करा आणि आज पहिले वीस शब्द भरा. मोलची दहा गणितं रोज. मागच्या तीन सराव पेपरांतल्या रसायनशास्त्राच्या चुका कारणांसह वेगळ्या काढा. पुढच्या भागात रासायनिक समतोल घेऊ, तेव्हा वही सोबत असू द्या.

जय हिंद.